इंग्रजी ‘गेट’ (get)चे अर्थ पाठ करत बसू नकोस, त्याच्या पुढं काय येतंय ते बघ

खानापूरच्या ज्या मुलीनं विचारलंय तिच्यासाठी लिहितोय. तुझं म्हणणं असं, की बी.कॉम. झालं, बेळगावात इंटरव्ह्यूला गेलीस, साहेबांनी विचारलं ‘हाऊ डिड यू गेट हिअर?’ आणि तू सांगितलंस ‘आय गॉट कॉल लेटर’, साहेब जरा थांबले आणि पुढच्या प्रश्नाकडं वळले, मग घरी येऊन डिक्शनरी उघडलीस तर गेटचे अर्थ संपेचनात, आता हे सगळं पाठ कसं करायचं. तर पाठ करायचंच नाही. तुला शाळेत गेट म्हणजे मिळणे एवढंच सांगितलं होतं आणि त्या वाक्यात ते पोचणे होतं. साहेब विचारत होते इथपर्यंत कशी आलीस, बसनं का गाडीनं. बस्स, एवढाच घोळ आहे, इंग्रजी येत नाही असं मनात अजिबात घेऊ नकोस.

आता आपल्याच ‘लागणे’कडं बघ. भूक लागते, ठेच लागते, झाडाला फणस लागतो, निकाल लागतो, पोरगं नोकरीला लागतं, दार नीट लागत नाही, आणि गोव्याला जाताना चोर्ला घाट लागला की आईला गाडी लागते. शेवटच्या वाक्यात दोन लागणे आहेत आणि दोन्हीचा एकमेकाशी संबंध नाही, तरी आपण कधी अडलो का? आणि आपल्या इकडचं कानडी ऐक, बस ‘हत्तु’ म्हणजे चढ, बेंकी ‘हत्तितु’ म्हणजे आग लागली, ‘मळी बराक हत्तैति’ म्हणजे पाऊस यायला लागलाय. एकच क्रियापद, दहा कामं. बाजारात दोन्ही भाषा बोलणाऱ्या तुझ्यासारख्या पोरीला गेट जड जायचं काही कारणच नाही. इंग्रजीत रोजच्या वापरातल्या छोट्या क्रियापदांचं असंच असतंय, ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचं काम करणाऱ्यांनी एकट्या ‘रन’चे ६४५ अर्थ काढलेत, ते तिथल्या लोकांनाही पाठ नाहीत.

मला फार आवडणारी गोष्ट म्हणजे, हा गेट मुळात इंग्रजांचा नव्हेच. व्हायकिंग लोक इंग्लंडात येऊन राहिले, त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेतला ‘गेटा’ इंग्रजीत रुजला, अर्थ मिळवणे, गाठणे. म्हणजे आपलं ‘हाती लागणे’ म्हण की. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे अर्थ त्याच्याच फांद्या दिसतात. वस्तू हाती लागली तर मिळाली, गाव गाठलं तर पोचलो, एखादी अवस्था गाठली तर तसं झालो, मुद्दा हाती लागला तर कळला, म्हणून ‘आय डोन्ट गेट इट’ म्हणजे मला समजेना.

म्हणून सांगतो, गेटकडं न बघता त्याच्या पुढचा शब्द बघ. पुढं वस्तू असली तर मिळणे, आणणे, पकडणे यातलं काहीतरी, लेटर, पाणी, बस. पुढं विशेषण असलं तर होणे, ‘इट इज गेटिंग लेट’, उशीर व्हायला लागलाय. पुढं जागा असली तर पोचणे, फक्त ‘गेट टू होम’ म्हणू नकोस, होम, हिअर, देअर यांच्या आधी टू येत नाही, गावाच्या नावाआधी येतो, ‘गेट टू निपाणी’. आणि पुढं टू लावून क्रियापद आलं, ‘आय गॉट टू सी’, तर ते अगदी आपलं ‘बघायला मिळालं’, यात आपली मराठी आणि त्यांची इंग्रजी इतकी जुळते की मला दरवेळी बरं वाटतं. ‘हॅव गॉट’ हे मात्र वेगळं धर, तिथं मिळणेबिळणे काही नाही, नुसतं आहे. ‘आय हॅव गॉट टू ब्रदर्स’, मला दोन भाऊ आहेत.

खरी अडचण येते ‘गेट समथिंग डन’ला, आणि तिथं मी स्वतः मार खाल्लाय. बेळगावातल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, ऑफिसात नवीन लागलो होतो, गिऱ्हाइकाचा मेल आला, ‘प्लीज गेट द कास्टिंग्ज मशीन्ड बिफोर डिस्पॅच’. कास्टिंग म्हणजे ओतून केलेला भाग, मशीनिंग म्हणजे तो यंत्रावर कापून-घासून मापात आणणं. मी ‘गेट द कास्टिंग्ज’ एवढंच नीट वाचलं आणि मशीनिंग तिकडंच होणार असं धरून चाललो. माल कच्चाच गेला. त्यांना हवं होतं, पाठवायच्या आधी मशीनिंग करून घ्या. पेट्या परत आल्या, जायचं-यायचं भाडं आमच्या अंगावर, आणि ज्यांनी रात्रपाळी करून ती कास्टिंग ओतली होती त्यांच्यासमोर उभं राहताना मला काय वाटलं ते मी विसरलेलो नाही. तेव्हापासून वस्तूच्या नंतर क्रियापदाचं तिसरं रूप (डन, मशीन्ड) दिसलं की मी थांबतो, म्हणजे काम करून घ्यायचंय, बहुतेकदा दुसऱ्याकडनं.

आपण यात का चुकतो तेही सांगतो. आपण सरळ म्हणतो ‘केस कापून आलो’, ‘घर बांधलं’. केस न्हाव्यानं कापले, घर गवंड्यानं बांधलं, हे ऐकणाऱ्याला ठाऊकच असतंय. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हटलं तर तू स्वतःच कात्री घेतलीस असं होतं, म्हणून ‘आय गॉट माय हेअर कट’. माणसाकडनं करवून घ्यायचं असलं तर टू येतो, ‘गेट हिम टू साइन’, यात समजावून, तयार करून असा भाव आहे. ‘मेक हिम साइन’ला टू नाही आणि त्यात जबरदस्ती आहे. आणि लग्नाचं लक्षात ठेव, ‘गेट मॅरिड टू’, आपण ‘च्याशी’ म्हणतो म्हणून विथ घालायचा मोह होतो, घालू नकोस.

गेटला अप, ओव्हर, बाय, थ्रू वगैरे लावून होणाऱ्या जोड्या एकेक करून वाक्यातच शिक, यादी करून काही उपयोग नाही. बस आणि गाडीचं तेवढं सांगतो कारण रोज लागतंय. जिथं उभं राहून चार पावलं चालता येतं त्याला ऑन-ऑफ, बस, रेल्वे, विमान. जिथं वाकून बसावं लागतं त्याला इन-आउट, कार, रिक्षा. मोटारसायकलला पण ऑन-ऑफ.

अर्जात आणि कंपनीच्या पत्रात गेट कमी वापर, तिथं रिसीव्ह, बिकम, अराइव्ह बरे दिसतात. बोलताना मात्र बिनधास्त, उलट बोलताना ‘आय रिसीव्हड अ कोल्ड’ म्हटलंस तर विचित्र वाटेल.

आता तुझा इंटरव्ह्यूचा प्रश्न. पुढच्या वेळी तेच विचारलं तर सांग, ‘आय गॉट द एट ओ क्लॉक बस फ्रॉम खानापूर, गॉट ऑफ ॲट द स्टँड अँड वॉक्ड’. आपल्याकडं सगळे ‘गॉट डाउन’ म्हणतात, कंडक्टरपासून प्रोफेसरपर्यंत, इथं कुणी अडवणार नाही, पण समोर बाहेरच्या देशातला माणूस असला तर गॉट ऑफच म्हण.