मीच ब्रह्म, तर हात कुणापुढे जोडायचे?

तुमचा प्रश्न असा की 'अहं ब्रह्मास्मि' खरं असेल तर देवापुढे हात का जोडायचे? जोडावेत, आणि त्यासाठी अद्वैत (जीव आणि ब्रह्म एकच, हे मत) सोडावं लागत नाही, असं मला मनापासून वाटतं.

हे वाक्य बृहदारण्यक उपनिषदातलं असलं, तरी सगळी दर्शनं त्याचा एकच अर्थ लावत नाहीत. सांख्य अनेक पुरुष, म्हणजे अनेक आत्मे, मानतात. मध्वाचार्यांच्या मते जीव आणि ईश्वर यांतला भेद मोक्षातही राहतो. रामानुजांना जीव आणि जग हे ईश्वराचं शरीर वाटतं. या दोन आचार्यांकडे भक्तीला अडचणच नाही. अडचण येते ती शांकर, म्हणजे शंकराचार्यांच्या, अद्वैतात. तिथलं उत्तर असं: व्यवहारात, म्हणजे ज्ञान होईपर्यंतच्या पातळीवर, ईश्वर आहे, उपासनेने चित्त शुद्ध होतं, ज्ञान झालं की उपास्य-उपासक हा भेद मावळतो. तर्क बिनतोड आहे, पण त्यात भक्ती शेवटी साधनच ठरते.

ज्ञानेश्वर इथेच वेगळी वाट धरतात. 'अमृतानुभवा'च्या सातव्या प्रकरणात ते अज्ञान नावाची वस्तूच खोडून काढतात; जग हा चैतन्याचाच विलास. मग नवव्यात विचारतात: एकच डोंगर कोरून देव, देऊळ आणि परिवार घडवता येतो, तर एकपणात भक्ती का होऊ नये?

आपण मुंबईकर हे डोळ्यांनी पाहू शकतो. गेटवेहून लाँचने घारापुरीला जा. मुख्य लेण्यात सुमारे 6 मीटर उंचीचा सदाशिव आहे, शेजारी द्वारपाल. (काही खांब नंतर दुरुस्त केलेत, ते सोडा.) द्वारपालाच्या पायाशी वाकून बघा: जमीन कुठे संपते आणि पाऊल कुठे सुरू होतं? सांधा सापडत नाही. तरी देव तो देव, द्वारपाल तो द्वारपाल.

आणि हे नुसतं पुस्तकी नाही. गिरगावात खेतवाडीत राहणारे, विडीचं दुकान चालवलेले निसर्गदत्त महाराज (1897–1981) येणाऱ्याला 'मी आहे' या जाणिवेच्याही मागे जायला सांगत. त्याच घरात रोज भजन-आरती होई. त्यांना त्यात विसंगती दिसली नाही.

वाचायचं असेल तर अमृतानुभवाची सार्थ प्रत घ्या आणि नवव्या प्रकरणापासून सुरुवात करा. सातवं खंडनमंडनाचं आहे, पहिल्याच वाचनात जड जातं.