आधी गळती शोधा, ठेव मोडायचं मग बघू

प्रश्न : मी ६२ वर्षांचा निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूरला राहतो. आम्ही दोघांनी टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली जुनी कॅराव्हॅन (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) ७.२५ लाखांना घेतली. नोंदणी २०१३ ची, खासगी. गेल्या पावसाळ्यात मागच्या भिंतीची आणि दोन खिडक्यांखालची प्लाय फुगली, आत कुबट वास येतो. बॉडी बिल्डरने आतलं सगळं नवीन करायचं ४.६० लाखांचं कोटेशन दिलं आहे. पुण्याचा एक जण गाडी आहे तशी ५.२५ लाखांना मागतो आहे. सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये १५ लाख आहेत (८.२ टक्के, १४ महिने झाले), बँकेत ६ लाखांची एफडी आहे. पेन्शन ३८ हजार, त्यात घर भागतं. वर्षाला २५ रात्री तरी आम्ही गाडीत काढतो. विमा, सर्व्हिसिंग, टायर मिळून ४८ हजार जातात. स्कीममधून पाच लाख काढून काम करून घ्यावं का? भाड्याने देऊन खर्च भरून निघेल का? विम्यातून काही मिळेल का?

उत्तर :

नमस्कार सर. तुम्ही पाठवलेलं कोटेशन ओळ न ओळ वाचलं. प्लाय आणि सनमायका २.४० लाख, इन्सुलेशन ४५ हजार, वायरिंग ६० हजार, टपाला वॉटरप्रूफिंग कोटिंग ५५ हजार, फर्निचर ६० हजार. खाली बारीक अक्षरात ‘जीएसटी वेगळा’ असं आहे. १८ टक्के धरले तर ८२,८०० रुपये वाढतात, म्हणजे आकडा ५,४२,८०० होतो. यात पाणी कुठून येतं ते शोधण्याची एकही ओळ नाही, आणि माझी पहिली हरकत तीच आहे. प्लाय फुगली हा परिणाम आहे. कारण तसंच ठेवून नवी प्लाय बसवली तर सप्टेंबरच्या पावसात तीही फुगेल आणि पाच लाख भिंतीत मुरतील.

टपावरच्या कोटिंगलाही माझा विरोध आहे. गच्चीला चालतं ते पत्र्याला चालत नाही. पाच मीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा पहाटेच्या २५ अंशांवरून दुपारच्या ६५ अंशांवर गेला की साडेचार मिलिमीटरच्या आसपास लांबतो, रात्री पुन्हा आखडतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे रोज चालतं. सांधे बुजवणारा जुना मसाला, म्हणजे सीलंट, कडक होऊन सांध्यातून सुटतं ते यामुळेच, आणि वरून दिलेला रंगही त्याच रेषेवर चिरतो. शिवाय सांधे त्याखाली झाकले गेले की पुढची गळती शोधणं दुप्पट अवघड होतं. ते ५५ हजार आधी कोटेशनमधून काढायला लावा.

आता शोधायचं कसं. हे काम तुम्ही, एक मदतनीस आणि एक सुतार मिळून दोन दिवसांत करू शकता.

लाकडाची ओल मोजणारं पिनचं मीटर साधारण अडीच हजारांत येतं. त्याच्या पिना सनमायकातून आत जात नाहीत, म्हणून कपाटांच्या आतली उघडी प्लाय, बेडखालचा भाग, खिडकीच्या पट्टीमागची कडा अशा जागी मोजा. १५ टक्क्यांखाली ठीक, २० च्या वर संशय, ३० च्या आसपास आकडा आला तर आतलं लाकूड कुजायला लागलं असं समजा. बिनपिनांच्या मीटरवर विसंबू नका, मागे लोखंडी पाइप आला की ते उगाच जास्त दाखवतं. दुसरी अडचण सोलापूरच्या हवेची. एप्रिल-मे मध्ये इथे प्लाय इतकी वाळते की गळकी गाडीही मीटरवर चांगली दिसते. म्हणून आकड्याबरोबर डागाची कड, गंजलेले स्क्रू, अंगठ्याने दाबलं की आत जाणारी प्लाय हेही बघा.

मग पाण्याची चाचणी. त्याआधी बॅटरी, इन्व्हर्टर आणि बाहेरून घेतलेली लाइट तिन्ही सोडवून ठेवा. खराब झालेले आतले तक्ते काढा, उघड्या फ्रेमवर टिश्यू पेपरच्या पट्ट्या चिकटवा, एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं. बाहेरून साध्या पाइपने खालून वर जायचं: आधी खिडकीची खालची कड, मग वरची, मग पन्हळ, मग टप आणि भिंतीचा सांधा, शेवटी टपावरची हवेची खिडकी आणि एसीचं भोक. प्रत्येक जागी दहा मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. सर्व्हिसिंग सेंटरचा प्रेशर वॉशर अजिबात नको, तो चांगल्या रबरातूनही पाणी आत ढकलतो. एकदा गाडी सपाट उभी करून आणि एकदा मागची चाकं उतारावर ठेवून बघा. तुमचा डाग मागच्या भिंतीवर आहे, पण पाणी पुढच्या एसीच्या गॅस्केटमधून (एसीखालच्या रबरी पट्टीतून) शिरून फ्रेमच्या पाइपवरून मागे आलेलं असू शकतं. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तेव्हा टाकी भरलेल्या दिवशीच हे काम काढा.

आतल्या पाण्याचीही खात्री करून घ्या. सगळे नळ बंद असताना पंप मध्येच सुरू होऊन थांबत असेल, तर आधी पाइपातल्या गळतीचा संशय घ्या. त्याची दुरुस्ती दोन क्लॅम्पमध्ये भागू शकते.

बंद करण्याच्या कामात माल थोडाच लागतो. टपाचा घेर १४ मीटर, पाच खिडक्यांचा मिळून १३ मीटर, हवेच्या खिडकीचा दीड मीटर, म्हणजे ३० मीटर ब्यूटाइल टेप (सांध्यात दाबून बसवायची मऊ, चिकट पट्टी). वरून सहा बाय सहा मिलिमीटरची पॉलियुरेथेन सीलंटची धार दिली तर मीटरला ३६ मिलि, एकूण ११०० मिलिच्या आत. ६०० मिलिचे दोन पाउच हिशेबात बसतात, तीन घ्या. एसीला नवं गॅस्केट. खर्च होतो तो मजुरीत, कारण जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून, थिनरने पुसून काढावं लागतं. जुन्या सिलिकॉनवर पॉलियुरेथेन धरत नाही, आणि घाईतला कारागीर वरूनच धार ओढून मोकळा होतो. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर पत्र्याला लावूच देऊ नका, त्यातल्या आम्लाने स्क्रूभोवती गंज धरतो. काम सकाळी सात ते नऊच्या दरम्यान करून घ्या. तापलेल्या पत्र्यावर सीलंटची साय लगेच धरते आणि खाली फुगे राहतात. ब्यूटाइल दबतो, म्हणून एक दिवस ऊन खाल्ल्यावर स्क्रू पुन्हा आवळायचे.

यानंतर भिंत लगेच बंद करू नका. भिजलेलं इन्सुलेशन फेकून द्या, फ्रेमचा गंज वायर ब्रशने काढून रेड ऑक्साइड मारा आणि पावसाळाभर मागची भिंत आतून उघडी ठेवा. सोलापूरचा खरा पाऊस सप्टेंबरात असतो, जूनच्या दोन सरींवर निर्णय देता येत नाही. ऑक्टोबरात प्लायचं मीटर १५ च्या खाली असेल तर नोव्हेंबरात नवे तक्ते. प्लायवर आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या, ती पाण्यात टिकणारी मरीन प्लाय. आयएस ३०३ सर्वसाधारण वापराची असते.

आता पैसे. शोधायला १५ हजार, गळती बंद करायला ३५ हजार, नोव्हेंबरात मागची भिंत आणि दोन खिडक्यांखालचे तक्ते मिळून ९० हजार, एकूण १.४० लाख धरतो. स्कीमचं व्याज तिमाहीला ३०,७५० रुपये येतं आणि ते घरखर्चात जात नाही. जानेवारी आणि एप्रिलच्या व्याजाचे ६१,५०० होतात, त्यातून पहिले दोन टप्पे सुटून ११,५०० उरतात. जुलै आणि ऑक्टोबरचे ६१,५०० धरले की ७३ हजार. कमी पडणारे १७ हजार पेन्शनमधून सहा-सात महिन्यांत निघतील. या कामासाठी एकही ठेव मोडावी लागत नाही.

आणि स्कीममधून पाच लाख काढता येतीलच असंही नाही. त्या खात्यातून थोडी रक्कम काढायची सोय नाही, खातं बंदच करावं लागतं. एक वर्षानंतर पण दोन वर्षांच्या आत बंद केलं तर मुद्दलातून दीड टक्का कापतात. १५ लाखांवर २२,५०० रुपये गेले, पुन्हा खातं उघडाल तेव्हा त्या दिवशीचा दर. एफडी तुमच्या दोघांच्या दवाखान्याची आहे, तिला हात लावू नका. या वयात गाडीसाठी कर्जही नको: पाच लाख, १४ टक्के, चार वर्षं म्हणजे महिना १३,६६३ चा हप्ता, पेन्शनच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त.

गाडी परवडते का, तेही मोकळेपणाने सांगतो. ५,४२,८०० खर्चून पाच वर्षं वापरली तर वर्षाला १,०८,५६०, वर ४८ हजार. २५ रात्रींनी भागलं तर रात्रीला ६,२६० च्या आसपास, डिझेल वेगळं. १.४० लाखांत काम झालं तर तीच रात्र ३,०४० ला पडते. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूरला बऱ्या लॉजपेक्षा महागच, पण तुम्हा दोघांना त्यात आनंद आहे आणि पेन्शनीत तो बसतो. त्या आनंदाला मी फालतू खर्च म्हणणार नाही. फक्त खरेदीचे ७.२५ लाख आता हिशेबात धरू नका, ते गेले. आज तुमच्यासमोर ५.२५ लाख रोख की गाडी, एवढाच प्रश्न आहे. आणि २०२८ मध्ये १५ वर्षं भरली की नोंदणीचं नूतनीकरण पाच वर्षांपुरतंच मिळतं, तेही गाडी तपासणीत पास झाली तर.

म्हणून रेषा आधीच आखून ठेवा. एकूण खर्च १.७५ लाखांवर जाऊ द्यायचा नाही. तक्ते काढल्यावर टपाच्या कडेचा चौकोनी पाइप जागोजागी भोकं पडलेला दिसला, किंवा फरशीखालचे आडवे पाइप स्क्रूड्रायव्हर टोचताच आत गेले, तर तिथेच थांबून पुण्याच्या गिऱ्हाइकाला फोन करा. त्याला उघडी भिंत दाखवूनच भाव ठरवा. ५.२५ चे ४.५० झाले तरी ते फ्रेम बदलण्यापेक्षा स्वस्त पडेल, आणि ओल लपवून विकल्याचं ओझं राहणार नाही.

भाड्याचा विचार सोडा. पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी भाड्याने चालवता येत नाही. त्यात अपघात झाला तर पॉलिसीतल्या वापराच्या अटीवर बोट ठेवून कंपनी क्लेम नाकारू शकते. व्यावसायिक नोंदणी, परमिट, दरवर्षीची झंझट या वयाच्या गाडीसाठी परवडणार नाही.

विम्यातून ओलीचे पैसे मिळणार नाहीत, हळूहळू झालेली झीज पॉलिसीत वगळलेली असते. झाडाची फांदी पडून टप फाटला असता तर गोष्ट वेगळी होती; तेव्हाही रबर-प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के आणि फायबरवर ३० टक्के घसारा कापूनच रक्कम येते. नूतनीकरणाच्या वेळी मात्र बघा की एसी आणि आतलं फर्निचर पॉलिसीत वेगळं लिहिलं आहे का.

बॉडी बिल्डरकडेच काम द्यायचं असेल तर नवं कोटेशन तीन तुकड्यांत मागा: शोधणं, बंद करणं, आतलं काम. सीलंटचा प्रकार आणि प्लायचा शिक्का बिलावर लिहून घ्या. गळती बंद करण्याच्या ३५ हजारांतले पाच हजार सप्टेंबरचा पाऊस होईपर्यंत हातात ठेवायची अट आधीच सांगा. ही अट ज्याला मान्य नाही, त्याला काम देऊ नका.