थांबलेल्या माणसाला हलवायचं नाही

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद. नाव मुद्दाम लिहीत नाही. पत्र सुपरवायझरच्या हाती लागलं तर उगाच तुझा आणखी एक खाडा मांडला जायचा.

रविवारी फोनवर तू रडलीस थोडी आणि "काका, मी वेडी तर नाही ना?" हे विचारलंस दहा वेळा. संग्रहालयात राखणीला असताना चित्रकार गायतोंड्यांच्या त्या पिवळ्या चित्रापुढं उभी राहिलीस की गळा दाटून येतो. चित्रात तर काहीच नाही, ना माणूस ना झाड, मग दाटतो कशाला? त्यात एका पाहुण्यानं "इसमें है क्या?" म्हणून विचारलं आणि तुझ्या तोंडून शब्द फुटला नाही. वर सुपरवायझर म्हणाला, तुला चित्रं राखायला ठेवलंय, बघायला नाही. म्हणून आता तुला विचारायचंय, मॉलमधली नोकरी धरू, की चित्रकलेचा एखादा कोर्स करू?

दोन्ही नंतर बघू. आधी मला सांग, त्या चित्रापुढं तू थांबलीस ना? मग स्वतःला तिथून हलवायची एवढी घाई का?

मी सव्वीस वर्षं दालनात उभा होतो. माणूस आत येतो, आधी पाटीकडं वाकतो, मग चित्राकडं मान वर करतो, फोटो काढतो आणि पुढं सरकतो. मी मनात आकडे मोजायचो. बहुतेक जण दहाच्या आत सुटायचे. पण अधूनमधून एखादा थांबायचा. तो ओळखायला शिक्षण लागत नाही. एका पायावरचा भार दोन्ही पायांवर येतो. खांद्यावरची पिशवी घसरते आणि तो ती सावरत नाही. बायको पुढच्या दालनातून हाक मारते, ती त्याला ऐकू जात नाही. असा माणूस दिसला की मी वॉकीटॉकीचा आवाज कमी करायचो आणि बुटांची करकर होऊ नये म्हणून जागचा हलायचो नाही. त्याच्या मागं उभं राहायचं नाही, पाठीला नजर कळते. बाजूला राहायचं, त्याचे हात दिसतील इतकंच. राखण तर करायचीच आहे, बोटाचं तेल रंगावर बसलं की ते काढायला तज्ज्ञ बोलवावा लागतो. पण थांबलेल्या माणसाला हलवायचं नाही. एवढी एकच गोष्ट मी या नोकरीत शिकलो, आणि ती फार महागात शिकलो.

ते सांगतो. सांगायचं नव्हतं, पण तुझ्या फोननंतर दोन रात्री झोप नाही.

१९९४ साल. नोकरीला तिसरा महिना. वडील डबा घेऊन आले. ते कापड गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर पडली, त्यांतले एक. पुन्हा आत गेलेच नाहीत. त्या दिवशी डबा खाली ठेवायचा सोडून जिना चढून वर आले. समोर चित्रकार तैयब मेहतांचं चित्र होतं. सपाट रंग, मधून वरपासून खालपर्यंत एक तिरकी चीर, आणि तिच्या दोन्ही बाजूंना तुटून गेलेलं माणूस. वडील थांबले. हातात डबा तसाच. मी घड्याळ बघितलं नाही, पण वीस मिनिटं तरी झाली असतील. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "पट्टा तुटलाय." मला कळेना. म्हणाले, "चालू साच्यावर पट्टा तुटला की असाच येतो, तिरका. हा खाली होता काय रे?"

खालून सुपरवायझर कुणा बड्या पाहुण्याला घेऊन वर येत होता. मी वडिलांचं कोपर धरलं आणि म्हणालो, "चला बाबा, उगाच काहीतरी बोलू नका." आणि त्यांना जिन्याकडं वळवलं. सदऱ्यातून हाडाला बोटं लागली, ती अजून लागतात. ते काही बोलले नाहीत. डबा माझ्या हातात दिला आणि उतरून गेले. पुन्हा कधी आले नाहीत. मीही बोलावलं नाही.

तू म्हणशील, काका, तेव्हा तुमची नोकरी कच्ची होती. होती ना! ठेकेदाराचा माणूस मी, अकरा महिन्यांचा कागद, घरी बहिणीचं लग्न ठरलेलं. त्या पाहुण्यासमोर मळक्या सदऱ्यातला माणूस डबा घेऊन उभा दिसला असता तर कोण गेलं असतं? मी गेलो असतो. माझ्या जागी कुणीही तेच केलं असतं. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता पाठ झालंय. पाठ झालेल्या गोष्टी खऱ्या असतातच असं नाही.

पुढं कित्येक वर्षांनी एका कॅटलॉगमध्ये वाचलं, की १९४७ च्या दंगलीत तैयबांनी महंमद अली रोडवर जमावानं एका तरुणाला ठेचून मारताना खिडकीतून पाहिलं होतं. त्या धक्क्यानं ते तापानं फणफणले होते, आणि ते दृश्य त्यांच्या चित्रांतून पुढं कधी गेलं नाही. हे वाचायला मला कॅटलॉग लागला. वडिलांना चित्राखालची इंग्रजी पाटीसुद्धा वाचता आली नसती. त्यांना गिरणी दिसली, पट्टा दिसला, आणि खाली कुणी माणूस सापडला का याची काळजी लागली. आता चित्रकाराच्या मनात पट्टा होता का, असं मला विचारू नकोस. नव्हताच. पण थांबले कोण? ते थांबले, आणि मी त्यांना हलवलं.

म्हणून तुझ्यावर चिडलो फोनवर. तू मोबाइलवर "गायतोंडे पेंटिंग मीनिंग" शोधलंस म्हणालीस, तिथं माझं डोकं फिरलं. अगं, गिरगावातल्या चाळीत वाढलेला तो माणूस वर्षभरात मोजकीच चित्रं करायचा. रंगाचा थर द्यायचा, रोलर फिरवायचा, सुरीनं खरवडायचा आणि बराच वेळ नुसता बसून राहायचा. पाटीवर बघ, काय लिहिलंय? अनटायटल्ड. त्यानंच नाव ठेवलं नाही तिथं तू मीनिंग शोधतेस! शोध हवं तर, पण नंतर. आधी गळा दाटू दे.

रशियातला तो किस्सा तुला माहीत असेल. डिसेंबर २०२१, येकातेरिनबर्ग. आपल्यासारखाच ठेक्यावरचा रक्षक, कामाचा पहिला दिवस. अ‍ॅना लेपोर्स्काया यांच्या जुन्या चित्रात बिनडोळ्यांच्या आकृत्या होत्या. ह्यानं बॉलपेन घेतलं आणि त्यांच्या कोऱ्या तोंडांवर डोळे रेखाटले. जग हसलं. आमच्या चहाच्या टपरीवरही हसले. मला हसू आलं नाही. ती कोरी तोंडं त्याला सोसली नसावीत असं मला वाटतं. अपुरं काहीतरी समोर आहे आणि आपण नुसतं उभं राहायचं, हे अवघड असतं. मग माणूस पेन काढतो. तुझा मोबाइल आणि त्याचं बॉलपेन मला एकाच जातीचं वाटतं, राग मानू नकोस. तुझ्यानं निदान चित्र खराब होत नाही.

आता कोर्सचं. रॉबर्ट रायमन नावाचा एक माणूस सॅक्सोफोन वाजवायला न्यूयॉर्कला गेला आणि तिथल्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात १९५३ पासून १९६० पर्यंत रक्षक म्हणून उभा राहिला. उभ्या उभ्या बघून रंग विकत आणले आणि पुढं आयुष्यभर पांढरी चित्रं केली. मोठा झाला. म्हणून तूही चित्रकार होशील असलं काही मी सांगत नाही. व्हायचं असेल तर हो. नसेल तरी त्या चित्रापुढं उभं राहायचा तुझा हक्क तेवढाच आहे. मॉलमध्ये दोन हजार जास्त मिळत असतील आणि घरी गरज असेल तर खुशाल जा, त्यात लाज कसली. पण गळा दाटतो म्हणून पळून जाणार असशील तर मी तुझा फोन उचलणार नाही.

सुपरवायझरशी भांडू नकोस. त्याला वरून बोलणी बसतात. चित्राकडं तोंड करून उभी राहू नकोस, दालनाकडं पाठ झाली की तो बोलणारच आणि ते बरोबर आहे. मी जागा अशी निवडायचो की दार, दोरी आणि चित्र तिन्ही एका नजरेत येतील. ती जागा शोध, प्रत्येक दालनात असते. पोटऱ्यांना पट्टी बांधून ये, माझ्या शिरा बघितल्यास ना. बंद व्हायच्या वेळी कुणी थांबलेलं असेल तर दिवे लगेच मालवू नकोस, बाकीची दालनं आधी बंद कर. यापायी मला दोन मेमो मिळाले. दोन्ही ट्रंकेत आहेत, लग्नपत्रिकांच्या खाली.

आणि पुन्हा कुणी "इसमें है क्या" विचारलं तर "मालूम नहीं साब, मैं भी देख रही हूँ" म्हण. मान खाली घालू नकोस.

महिनाअखेरीस प्रदर्शन उतरणार म्हणालीस. त्याआधी एखाद्या गुरुवारी येतो, गर्दी कमी असते. तिकीट काढूनच येईन. आत ओळख दाखवू नकोस, खुर्ची तर आणूच नकोस. या वेळी तैयबांचं काही लावलंय का, आणि लावलं असेल तर कुठल्या मजल्यावर, तेवढं कळव. लिफ्ट चालू आहे का तेही.

तुझा,
काका