पसारा न होणारा खेळ

"मॅडम, शनिवार-रविवार घर आवरण्यातच संपतो, मुलांना वेळच देता येत नाही, आणि सगळं टाकून मुलांसोबत गेले तर घराकडे बघून जीव नुसता कासावीस होतो, मी नक्की काय करू?" हा प्रश्न माझ्याकडे इतक्या जणी घेऊन येतात की काही जणी तर अपॉइंटमेंट घेताना फोनवरच सांगून टाकतात. त्यावर एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि त्यांना इथे नुसतं ताई म्हणते.

ताई खरं तर या प्रश्नासाठी आल्याच नव्हत्या. झोप नीट लागत नाही, चिडचिड होते, नवऱ्याशी बोलायला गेलं की भांडणच होतं, अशी तक्रार होती. दोघंही नोकरी करणारे, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. बोलता बोलता मी सहज विचारलं की मागचा रविवार कसा गेला, तर त्या एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मी कपाट आवरत होते, मुलगी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, आई, पसारा न होणारा कुठला खेळ आहे का गं, आम्ही तोच खेळतो." आणि मग त्या बराच वेळ रडल्या.

नऊ वर्षांच्या पोरीने खेळ निवडताना आधी आईच्या चेहऱ्याचा विचार करायचा, हे ऐकून मलाही कसंतरीच झालं. पण त्या रडण्यात मी लगेच "मग सोडा ना ती साफसफाई" असं म्हटलं नाही, आणि कोणीच म्हणू नये असं मला वाटतं. कारण हे वाक्य ताईंनी नवऱ्याकडून, बहिणीकडून, ऑफिसातल्या मैत्रिणींकडून शंभर वेळा ऐकलेलं होतं, त्याने फरक काय पडला, तर आपलंच काहीतरी चुकतंय ही भावना अजून वाढली.

पसाऱ्याचा त्रास खोटा नसतो हे आधी मान्य करायला हवं. 2010 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, त्यात दोघंही नोकरी करणाऱ्या 30 जोडप्यांनी आपापलं घर फिरून दाखवत त्याबद्दल बोलायचं होतं. ज्या बायका घराबद्दल बोलताना पसारा, अर्धवट राहिलेली कामं असे शब्द जास्त वापरत होत्या त्यांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी संबंधित हार्मोन, दिवसभरात जसं उतरायला पाहिजे तसं नीट उतरत नव्हतं. पसाऱ्यामुळेच हे होतं असं एवढ्यावरून म्हणता येणार नाही, पण शरीर त्यात सामील असतं एवढं नक्की. मी हे ताईंना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा जरा सैल होऊन खुर्चीत मागे टेकल्या.

दुसरी गोष्ट मी तपासली ती म्हणजे हे ओसीडी, म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर हा मानसिक आजार, तर नाही ना. हल्ली कोणीही नीटनेटकं राहिलं की लोक लगेच "तिला ओसीडी आहे" म्हणतात, ते चूक आहे. ओसीडीमध्ये नको असलेले विचार पुन्हा पुन्हा घुसतात, अमुक वेळा पुसलं नाही तर काहीतरी भयंकर होईल असं वाटतं, रोज तासाच्या वर वेळ त्यातच जातो किंवा जगणंच अडून बसतं. तसं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटायलाच हवं, त्यावर चांगले उपचार आहेत. ताईंचं तसं नव्हतं. त्यांची भीती एकच होती, कोणी अचानक घरी आलं तर काय म्हणेल. मानसशास्त्रात परफेक्शनिझमचे तीन प्रकार सांगतात, स्वतःकडून अपेक्षा, दुसऱ्याकडून अपेक्षा, आणि जग आपल्याकडून परफेक्ट असण्याचीच अपेक्षा करतंय असं वाटणं. हा तिसरा प्रकार फार छळतो, कारण तो परीक्षक कधी समोर येतच नाही, त्यामुळे पेपरही कधी संपत नाही. मी विचारलं, "गेल्या सहा महिन्यांत न सांगता कोण आलं?" त्यांनी बराच विचार केला. दोनदा शेजारीण, तीही दारातूनच परत गेली.

मग मी दोन वीकेंड नुसती नोंद ठेवायला सांगितली, बदल काहीही करायचा नाही. कधी काय आवरलं, किती वाजता सुरू, किती वाजता बंद, एवढंच. ती वही घेऊन आल्या तेव्हा मला खरा घोळ दिसला. दोन्ही शनिवारी सकाळी लिहिलेलं होतं "आवरून झालं की मुलांना घेऊन बागेत", आणि दोन्ही वेळा बागेत जाणं झालंच नाही. हॉल झाला की स्वयंपाकघर, मग ओटा पुसताना दिसलेले डबे, डबे काढले म्हणून ते कप्पे, तोपर्यंत मुलांनी हॉल परत खेळण्यांनी भरलेला, की पुन्हा पहिल्यापासून. आवरून झालं की मजा, हा क्रम ऐकायला किती शहाणपणाचा वाटतो, पण राहत्या घराचं आवरणं होऊन संपतच नाही, तिथे माणसं राहतात, जेवतात, कपडे बदलतात. ज्या गोष्टीला शेवट नाही तिच्यानंतर ठेवलेली गोष्ट कधीच येणार नाही. मुलांचा वेळ ताईंनी मुद्दाम टाळलेला नव्हता, तो रांगेत चुकीच्या जागी उभा होता.

म्हणून आम्ही क्रम उलटा केला. शनिवारी सकाळी नऊ ते बारा मुलांसोबत, घर कसंही असो. आवरणं दुपारी चार ते सहा, आणि सहाला थांबायचं, काम उरलं तरी. त्याआधी एक छोटी यादी केली, ज्यात तडजोड नाही अशा गोष्टींची. ओला कचरा बाहेर, खरकटी भांडी रात्रभर ठेवायची नाहीत, बाथरूम घासलेलं, औषधं मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी. मुलाला दम्याचा त्रास होता त्यामुळे त्याच्या चादरी आणि उशीचे अभ्रे दर आठवड्याला 60 अंशाच्या गरम पाण्यात धुणं हेही त्यात, कारण धुळीतले किडे त्या तापमानाला मरतात आणि अॅलर्जी कमी करायला त्याची मदत होते. बाकी घड्या न घातलेले कपडे, सोफ्यावरची पुस्तकं, काचेवरचे बोटांचे ठसे, याने कोणी आजारी पडत नाही. ही यादी स्वतःच्या हाताने लिहिताना ताईच म्हणाल्या, "एवढीच?"

पहिला शनिवार फसला. गेल्या त्या बागेत, पण तिथे मनाने घरीच, आणि परत आल्यावर रात्री अकरापर्यंत घासत बसल्या, वर मुलांवर ओरडल्या ते वेगळंच. फोनवर म्हणाल्या मॅडम माझ्याच्याने नाही होणार. यात चूक माझी होती. मी बाहेर पडायचं कसं एवढंच बोलले होते, परत आल्यावर दार उघडल्या उघडल्या जो पसारा अंगावर येतो त्याचं काय करायचं हे बोललेच नव्हते.

पुढच्या सेशनमध्ये तेच केलं. घरी आल्यावर पहिली वीस मिनिटं कशालाही हात लावायचा नाही, बसायचं, आणि अस्वस्थता दहापैकी किती आहे ते दर पाच मिनिटांनी लिहायचं. आपण काय करतो, बेचैनी वाढली की लगेच फडकं उचलतो, बरं वाटतं, आणि मेंदू शिकतो की फडक्याशिवाय ही बेचैनी जाणारच नाही. तिला थोडा वेळ दिला तर बहुतेक वेळा ती आपणहून उतरायला लागते, फक्त ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावं लागतं. ताईंच्या कागदावर होतं आठ, नऊ, सात, पाच. त्या नऊच्या पुढे त्यांनी कंसात लिहिलं होतं "आत्ता उठावंसं वाटतंय". उठल्या मात्र नाहीत.

आता नवऱ्याबद्दल. तिसऱ्या वेळी ते सोबत आले, माणूस साधा, प्रेमळ. त्यांचं म्हणणं, "मी तर नेहमी सांगतो, राहू दे गं, कशाला करतेस." ताईंचा चेहरा लगेच कडक झाला. मी त्यांना विचारलं, "तुम्ही राहू दे म्हणता ते राहिलेलं काम मग कोण करतं?" ते थांबले, प्रामाणिक होते म्हणून थांबले. घरकामात हात चालतात ते दिसतं, पण काय संपत आलंय हे ओळखणं, कधी करायचं ठरवणं, झालं की नाही बघणं, हे डोक्यातलं काम दिसत नाही आणि बहुतेक घरांत ते बाईकडेच असतं. "सांग, मी करतो" म्हणण्यातही सांगायचं काम तिच्याकडेच राहतं. म्हणून कपडे हा विषय आम्ही पूर्ण त्यांना दिला, धुण्यापासून कपाटात जाईपर्यंत, आठवण करून द्यायची नाही. आणि ताईंना अट, त्यांनी घातलेली घडी पुन्हा उलगडून घालायची नाही. ही अट त्यांना बागेत जाण्यापेक्षा जड गेली, हे त्यांनीच सांगितलं.

एकदा ताईंनी विचारलं, "पण मुलांना मग शिस्त कशी लागणार, पसाऱ्यात राहायची सवय लागेल ना?" रास्त प्रश्न आहे. मुलांनी आपली खेळणी आपण उचलावीत, पाच वर्षांच्या मुलालाही ते जमतं, रोज संध्याकाळी दहा मिनिटं सगळ्यांनी मिळून. पण खेळ चालू असताना मागे मागे उचलत फिरणं म्हणजे शिस्त नव्हे, त्याने मूल खेळायचंच थांबतं. डोनाल्ड विनिकॉट नावाचे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते, त्यांनी 1950 च्या दशकात "पुरेशी चांगली आई" ही कल्पना मांडली. मुलाला परिपूर्ण आई लागत नाही, त्याच्या वयाप्रमाणे हळूहळू थोडं कमी पडणारी आई त्याला वाढायला जागा देते, असं काहीसं. मला ही कल्पना फार जवळची वाटते आणि त्यातला आई शब्द मी बाबालाही लावते.

चार महिने काम चाललं. सगळं गोड झालं असं सांगणार नाही, महिन्याअखेरीला ऑफिसचा ताण वाढला की ताई अजूनही रात्री ओटा दोनदा पुसतात, आणि एका शनिवारी बाहेर जायचं सोडून त्यांनी माळा काढला होता. झोप मात्र सुधारली.

शेवटच्या सेशनला त्यांनी एक गोष्ट सांगितली. मुलांनी हॉलमध्ये चादरी बांधून तंबू केला होता, खुर्च्या, उश्या, घरातल्या सगळ्या चिमट्यांसकट, आणि शनिवारी ताई दोन तास त्यात बसून पत्ते खेळल्या. रविवारी तो तसाच राहिला. सोमवारी संध्याकाळी शेजारीण आली, या वेळी आत आली, तर ताईंनी तिला तंबूला वळसा घालून खुर्ची दिली आणि पाणी आणायला आत गेल्या. पसाऱ्याबद्दल माफी मागितली नाही, हे त्यांच्या रात्री झोपताना लक्षात आलं. मी विचारलं तंबू काढला कधी, तर म्हणाल्या, "गुरुवारी. मुलीनेच काढला, घड्यापण तिनेच घातल्या, वेड्यावाकड्या. तशाच ठेवल्यात कपाटात."