अमेरिकेत समलिंगी विवाह राज्याराज्यांत वेगवेगळ्या वेळी कसा कायदेशीर झाला? राजकीय नेत्यांनी काय केलं? भारतात असं राज्यवार होऊ शकतं का?

मी न्यू जर्सीत राहतो. या प्रवासाचा उत्तरार्ध इथूनच पाहिला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अमेरिकेत लग्नाचा कायदा राज्याचा असतो. परवाना कौंटीच्या किंवा गावाच्या कचेरीतून मिळतो, त्यात वॉशिंग्टनचा संबंध येत नाही. त्यामुळे ही लढाई पहिल्यापासून राज्यांतच लढली गेली. 1993 साली हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारला सुनावलं की समलिंगी जोडप्यांना परवाना नाकारायचा असेल तर त्याला भक्कम कारण द्या. तिथे एकही लग्न लागलेलं नसताना संसदेत धास्ती पसरली, की हवाईत लागलेलं लग्न उद्या सगळ्यांना मानावं लागेल. सप्टेंबर 1996 मध्ये ‘डोमा’ हा कायदा आला. सिनेटमध्ये 85 विरुद्ध 14 मतांनी तो मंजूर झाला आणि त्यावर सही केली डेमोक्रॅट अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी. दुसऱ्या राज्यात झालेलं असं लग्न मानायचं बंधन राज्यांवर राहिलं नाही, आणि केंद्र सरकार तर ते कुठल्याच कामासाठी मानणार नव्हतं.

पहिली लग्नं लागली 17 मे 2004 रोजी मॅसॅच्युसेट्समध्ये, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 4-3 अशा निकालानंतर. राज्याचे गव्हर्नर मिट रॉम्नी विरोधात होते. बाहेरच्या जोडप्यांना परवाने मिळू नयेत म्हणून त्यांनी 1913 चा एक जुना कायदा पुढे केला. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या निवडणुकीत 11 राज्यांतल्या मतदारांनी आपापल्या घटनेत बंदी घातली. राष्ट्रीय घटनादुरुस्तीला तर खुद्द अध्यक्ष बुश यांचा पाठिंबा होता.

या कायद्यांचा फटका आपल्या माणसांनाही बसला. माझ्या ओळखीच्या एका पुण्याच्या इंजिनिअरने न्यूयॉर्कमध्ये रीतसर लग्न केलं होतं. त्याच्याकडे एच-1बी व्हिसा होता, पण नवऱ्याला जोडीदाराचा एच-4 व्हिसा मिळेना. व्हिसा केंद्राच्या हातात, आणि डोमामुळे केंद्राच्या लेखी हे दोघे एकमेकांचे कोणीच नव्हते. नवरा पर्यटक व्हिसावर यायचा आणि मुदत संपली की परत जायचा. सर्टिफिकेट फाइलमध्ये असूनही काउंटरवर त्याची किंमत शून्य. हे मी जवळून पाहिलं आहे आणि त्याची चीड मला आजही येते.

आता राजकारण्यांबद्दल. माझं स्पष्ट मत असं आहे की मोठे नेते मागून आले. आधी किंमत मोजली ती ज्यांची नावं आज कोणाला आठवत नाहीत अशांनी.

आयोवाचंच घ्या. मक्याच्या शेतांचं, चर्चला जाणाऱ्या लोकांचं राज्य. 3 एप्रिल 2009 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या सातही न्यायमूर्तींनी एकमताने बंदी रद्द केली. आयोवात ठरावीक वर्षांनी मतपत्रिकेवर प्रश्न येतो, की या न्यायमूर्तींना पदावर ठेवायचं का? 1962 मध्ये ही पद्धत सुरू झाल्यापासून या न्यायालयातलं कोणीही त्यात हरलं नव्हतं. नोव्हेंबर 2010 मध्ये तिघांची पाळी होती: मुख्य न्यायमूर्ती मार्शा टर्नस, मायकल स्ट्राइट आणि डेव्हिड बेकर. त्यांच्याविरुद्ध राज्याबाहेरून पैसा आला, गावोगाव मोहीम झाली. न्यायाधीशाने मतं मागत फिरणं शोभत नाही म्हणून या तिघांनी स्वतःसाठी प्रचारच केला नाही. तिघेही हरले. निकाल मात्र टिकला, कारण आयोवात घटनादुरुस्ती लागोपाठ दोन विधिमंडळांनी मंजूर करावी लागते आणि मगच ती लोकांपुढे जाते. राज्याच्या सिनेटमधले बहुमताचे नेते माइक ग्रॉन्स्टल यांनी ती मतदानालाच येऊ दिली नाही.

न्यूयॉर्कमध्ये डिसेंबर 2009 ला राज्याच्या सिनेटमध्ये डेमोक्रॅटांचं बहुमत असूनही समलिंगी विवाहाचं विधेयक 24-38 असं आपटलं. जून 2011 मध्ये बहुमत रिपब्लिकनांचं होतं, तरी तेच 33-29 ने पास झालं. गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी जोर लावला हे खरं, पण निर्णायक ठरली ती चार रिपब्लिकन सिनेटरांची मतं. पुढच्या निवडणुकीनंतर त्या चौघांतला एकच सभागृहात उरला.

आमच्या न्यू जर्सीत विधिमंडळाने मंजूर केलेलं विधेयक गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी फेब्रुवारी 2012 मध्ये नकाराधिकार वापरून परत पाठवलं. अखेर कोर्टाच्या निकालाने 21 ऑक्टोबर 2013 पासून लग्नं सुरू झाली आणि मध्यरात्री नेवार्कच्या सिटी हॉलमध्ये महापौर कोरी बुकर यांनी स्वतः ती लावली.

बराक ओबामा 2008 च्या प्रचारात ‘विवाह म्हणजे स्त्री-पुरुषाचा’ असंच म्हणत होते. मे 2012 मध्ये उपाध्यक्ष बायडन टीव्हीवर पाठिंब्याचं बोलून गेले आणि तीन दिवसांनी ओबामांनीही पाठिंबा जाहीर केला. ओहायोचे रिपब्लिकन सिनेटर रॉब पोर्टमन यांनी 1996 मध्ये डोमाला मत दिलं होतं. मुलगा समलिंगी आहे हे कळल्यावर त्यांचं मत बदललं आणि 2013 मध्ये त्यांनी ते उघड सांगितलं. त्याच वर्षी क्लिंटन यांनी आपणच सही केलेला कायदा रद्द व्हावा असं लिहिलं.

26 जून 2013 रोजी एडिथ विंडसर या महिलेच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात डोमाचा मुख्य भाग 5-4 ने रद्द झाला. बायको वारल्यावर त्यांना 3,63,053 डॉलर वारसा कर भरावा लागला होता. नवरा-बायको असते तर तो शून्य असता. या निकालानंतर माझ्या ओळखीच्या त्या जोडप्यासारख्यांना व्हिसे मिळू लागले आणि खालच्या कोर्टांत राज्यांच्या बंद्या एकामागून एक पडू लागल्या.

शेवटचा खटला ओहायोचा. जिम ओबर्गफेल यांचे जोडीदार जॉन आर्थर एएलएस या मज्जातंतूंच्या असाध्य आजाराने अंथरुणाला खिळले होते. ओहायोत बंदी, म्हणून जुलै 2013 मध्ये रुग्णांना नेणारं विमान भाड्याने घेऊन दोघे मेरीलँडला गेले आणि बाल्टिमोरच्या धावपट्टीवर, विमानातून न उतरता, त्यांचं लग्न लागलं. आर्थर तीन महिन्यांनी गेले. त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर जोडीदार म्हणून आपलं नाव यावं, एवढीच जिम यांची मागणी होती. त्यातून 26 जून 2015 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा 5-4 असा निकाल आला आणि लग्न सगळ्या राज्यांत मान्य झालं. 2022 मध्ये संसदेने डोमा औपचारिकपणे रद्द केला. सिनेटमधल्या 12 रिपब्लिकनांनीही बाजूने मत दिलं. मात्र त्या कायद्यातही मेख आहे. उद्या न्यायालयाने 2015 चा निकाल फिरवला तर राज्यांना दुसरीकडचं लग्न मानावं लागेल, पण स्वतः परवाना देण्याची सक्ती नसेल.

भारतात? कागदावर वाट आहे. विवाह समवर्ती सूचीत येतो, त्यामुळे राज्य केंद्रीय कायद्यात आपल्यापुरती दुरुस्ती करू शकतं. राष्ट्रपतींची संमती मात्र लागते, म्हणजे केंद्र अडवू शकतं. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने असाच 1994 मध्ये दिला, केंद्राने 2005 मध्ये. समलिंगी विवाहावर 2023 मध्ये सुनावणी चालू असताना केंद्राने राज्यांचं मत मागवलं. राजस्थान, आंध्र आणि आसाम यांनी विरोध केला. या तिन्ही ठिकाणी तेव्हा वेगवेगळ्या पक्षांची सरकारं होती, राजस्थानात तर काँग्रेसचं. महाराष्ट्राने विचाराला वेळ मागितला. 17 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विवाह हा मूलभूत हक्क नाही असं सांगून विषय कायदेमंडळांकडे सोपवला. तेव्हा महाराष्ट्राने मागितलेल्या त्या वेळेत नेमका काय विचार झाला, हे आपल्या आमदाराला लेखी विचारायला हरकत नाही. तुम्ही राज्यात राहत असाल तर जरूर विचारा.