चाकूला पाजलेले पाणी आणि चाकूला लावलेली धार

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करून फावल्या वेळात भंगारातल्या पोलादाचे चाकू घडवणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न आहे. चाकूसोबत द्यायच्या चिठ्ठीवर 'तावून-सुलाखून घेतलेले पोलाद' असे लिहावे की 'पाणी दिलेले पोलाद' असे, आणि पाणी देणे म्हणजे शेवटी धार लावणेच ना, असे ते विचारतात.

शेवटचा भाग आधी घेतो, कारण ही चूक मी सतत ऐकतो आणि दर वेळी अस्वस्थ होतो. पाणी देणे म्हणजे धार लावणे नव्हे. धार घासून आणतात, ती पात्याच्या कडेला असते आणि बोथटली तर पुन्हा लावता येते. पाणी हा धातूच्या अंगात उतरलेला गुण आहे. तापलेले पोलाद एकदम निववल्याने येणारा कठीणपणा म्हणजे ते पाणी. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात एका लोहारीणबाईंकडून मी विळा घेतला, तेव्हा त्यांनी तो हातात ठेवताना सांगितले होते, "काका, पाणी पाजून दिलंय, धार तुम्ही घरी लावा." त्या एका वाक्यात सगळा भेद स्पष्ट आहे.

'तावून-सुलाखून' हा शब्दप्रयोग तर निराळ्याच कामाचा आहे. सुलाख म्हणजे भोक, फारशी 'सूराख'. नाणे आतून खोटे नाही ना, हे पाहण्यासाठी त्याला भोक पाडत, ते सुलाखणे. याचा 'शलाका' शब्दाशी संबंध जोडून 'सलाखून' असे रूप शुद्ध म्हणून सुचवणाऱ्यांनी भोक आणि सळई यांतला फरक लक्षात घ्यावा. तावणे हीसुद्धा येथे परीक्षाच आहे. सोन्याच्या परीक्षेचे 'निघर्षणच्छेदनतापताडनैः' हे चार मार्ग संस्कृत सुभाषितात सांगितले आहेत: घासणे, तोडणे, तापवणे, ठोकणे. अनोळखी पोलाद ओळखताना कारागीर आजही यांचाच आधार घेतो. ग्राइंडरवर तुकडा घासला की साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ रेघांसारख्या जातात आणि क्वचितच फुटतात. कार्बन जास्त असेल तर त्या चाकापासून थोड्याच अंतरावर दाट फुलांसारख्या फुटतात. पण ठिणगी कार्बनचा अंदाज देते, पोलादाचे नाव सांगत नाही. म्हणून ट्रकच्या कमानीच्या पाट्याचा किंवा बेअरिंगच्या कड्याचा छोटा तुकडा लोहचुंबकाला चिकटेनासा होईपर्यंत, म्हणजे सुमारे ७७० अंश सेल्सियसपर्यंत, आणि त्याहून थोडा अधिक तापवून कोमट तेलात बुडवतात. मग त्याच्यावर कानस चालवून बघतात. ती नुसती घसरली तर पोलादाने पाणी घेतले. चावली तर एक तर कार्बन कमी आहे किंवा निववणे मंद पडले. शेवटी तुकडा शिकंजात धरून मोडतात. मोड राखाडी आणि रेशमासारखी बारीक दिसली तर ताव बरोबर. साखरेसारखा दाणा चमकला तर ताव जास्त झाला. इथपर्यंतचे सारे झाले तावणे-सुलाखणे. यात चाकू अजून तयार झालेलाच नाही.

आता मूळ शब्दाकडे वळतो. 'पाणी देणे' हा फारशी 'आब दादन'चा शब्दशः अनुवाद आहे, असे अनेक जाणकार ठामपणे मांडतात आणि विषय तेथेच मिटवतात. फारशीचे ऋण मी नाकारत नाही. 'पोलाद' शब्द फारशीतला, 'सुलाख' फारशी आणि 'पाणीदार' मधला 'दार' प्रत्ययही फारशीच आहे. परंतु लोहारीणबाई 'पाणी दिले' म्हणाल्या नाहीत, 'पाणी पाजले' म्हणाल्या. फारशी पोलादाला पाणी 'देते', मराठी ते 'पाजते', आणि माझ्या मते हे पाजणे थेट आपल्या जुन्या परंपरेतून आले आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शल्यकर्माच्या शस्त्रांविषयी स्पष्ट वाक्य आहे: 'तेषां पायना त्रिविधा क्षारोदकतैलेषु.' पायना म्हणजे पाजणे. 'पा' म्हणजे पिणे, या धातूच्या प्रयोजक रूपावरून आलेला हा शब्द आहे. क्षार पाजलेले शस्त्र बाण, शल्य आणि हाड छेदण्यासाठी, पाणी पाजलेले मांस कापण्यासाठी, तेल पाजलेले शिरा वेधण्यासाठी आणि स्नायू छेदण्यासाठी, अशी त्यांची वाटणी सांगितली आहे. कार्यशाळेत काम केलेल्या माणसाला यातले मर्म चटकन कळेल. क्षाराच्या पाण्यात तापलेल्या पोलादाभोवतीचा वाफेचा पडदा लवकर फुटतो, उष्णता साध्या पाण्यापेक्षाही झपाट्याने ओढली जाते आणि धातू अतिशय कठीण होतो. तेल सावकाश निववते, म्हणून बारीक शस्त्र तडकत नाही आणि वाकतही नाही. आणि वाचकांच्या प्रश्नाला त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, लगेच पुढे घासण्यासाठी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा आणि धार टिकवण्यासाठी सावरीच्या लाकडाची फळी सांगितली आहे. पाजणे वेगळे आणि धार वेगळी, हे तेथेच ठरलेले आहे. 'आब दादन'पाशी थांबणाऱ्या जाणकारांनी या 'पायने'चा हिशेब दिलेला मला कोठेही आढळला नाही, आणि तो दिल्याशिवाय त्यांचा निर्णय मी मान्य करणार नाही.

'पाणी' या एका शब्दात कठीण करणे आणि त्यानंतर ठिसूळपणा घालवण्यासाठी पुन्हा सौम्य तापवणे, ही दोन्ही कामे येतात. हार्डनिंग आणि टेंपरिंग अशी फोड मराठी लोहाराने केलेली नाही. नुसते बुडवून काढलेले पाते काचेसारखे तडकते. ते सुमारे २०० अंशांवर दोन तास ठेवले की घासलेल्या पृष्ठभागावर फिकट गवती पिवळा रंग चढतो. ग्राइंडरवर धार लावताना हात जड पडला आणि कड निळी झाली, तर ती ३०० अंशांच्या आसपास गेलेली असते आणि तेवढ्या भागाचे पाणी उतरलेले असते. माणसाचे पाणी उतरवणे म्हणताना आपण हाच शब्द वापरतो.

तेव्हा चिठ्ठीवर 'पाट्याचे पोलाद, तेलात पाणी पाजलेले' असे लिहावे. तेलात पाणी कसे पाजले, असे गिऱ्हाईक विचारील. त्याला सुश्रुताचे 'तैलपायित' सांगावे.