मेंढ्यांना चवळीचा वाळलेला चारा देताना

चवळी, स्टायलो (चाऱ्यासाठी लावतात ती एक शेंगवर्गीय वनस्पती), वाल यांचा चारा वाळवणार असाल तर आधी पानं सांभाळा. प्रथिनं मुख्यतः पानांतच असतात; देठ चघळायला. फुलं लागायला सुरुवात झाली की कापा. शेंगा भरेपर्यंत थांबलात तर ढीग मोठा दिसेल, पण देठ लाकडासारखे होतील आणि मेंढ्या ते उष्टे टाकतील. मीही सुरुवातीला ढिगालाच भुललो होतो! वाळत घातलेल्या चाऱ्याची उलथापालथ सकाळी, दव असताना करा, म्हणजे पानं झडत नाहीत. ओलावा १५ टक्क्यांच्या आत आल्यावरच रचा, नाहीतर बुरशी येते.

नुसता हाच चारा घालू नका, वाळल्या गवतात मिसळून घाला. वाळल्या गवतात प्रथिनं ७ टक्क्यांखाली गेली की कोठीपोटातले (पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातले) चारा पचवणारे जिवाणू मंदावतात, मेंढी खाणंच कमी करते. तिथे पाव ते तृतीयांश चवळी मिसळली की गवतही नीट पचतं.